चोवीस माणसांत एक पेन्सिल

रेघताईचा तिसरा अर्ज साहेबांच्या चहाच्या कपाखाली होता.

ती नकाशावर सही घ्यायला केबिनमध्ये गेली होती. साहेब फोनवर होते, म्हणून उभी राहिली. ताटकळणाऱ्या माणसाची नजर जाते तशी तिची नजर टेबलावर गेली. आपलं अक्षर ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. वर कोपऱ्यात जावक क्रमांक तीन, खाली तिची सही, आणि मधोमध चहाचा तपकिरी गोल. 'प्रोसेसर' हा शब्द त्या गोलात इतका नेमका सापडला होता की कंपास धरून काढला असता तरी तसा आला नसता.

साहेबांनी फोन ठेवला. "हं, आणा इकडे."

त्यांनी सही केली, कप उचलला, एक घोट घेतला आणि परत त्याच गोलावर ठेवला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकाशाची गुंडाळी करून ती बाहेर आली आणि आपल्या खुर्चीत बसली.

रेघताई हे नाव तिला ऑफिसनेच दिलेलं, आणि कौतुकाने दिलेलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा इमारतींचे नकाशे फळ्यावर कागद ताणून पेन्सिलीने काढत. तिची रेघ सुरू होई तिथपासून संपे तिथपर्यंत एकाच जाडीची असे. घरी जाताना उजव्या हाताची बोटं शिशाने करडी झालेली असायची आणि नवरा म्हणायचा, "आलीस का कोळसे पाडून?" पुढे कॉम्प्युटर आले. माउसला हात लावायला बाकीचे कचरत होते तेव्हा ती तेही शिकली. आता बावन्न वर्षांची होती आणि ऑफिसात सगळ्यात अवघड काम तिच्याकडे होतं. चार मजल्यांचं रुग्णालय. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, प्रत्येक वायर एकाच फाइलमध्ये.

ती फाइल उघडायला तिच्या मशीनला सव्वापाच मिनिटं लागत. एक भिंत वीतभर सरकवली की पडदा पांढरा व्हायचा, चक्र फिरत राहायचं आणि रेघताई हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. बघून बघून एक दिवस तिने वही केली. पडदा पांढरा झाला की वेळ टिपायची, रेघा परत आल्या की पुन्हा टिपायची. अकरा वर्षं. कामं बदलत गेली; मशीन तेच, वह्या चार.

अर्जात तरी असं काय मोठं मागितलं होतं तिने? पगारवाढ नाही, खुर्ची नाही. एवढंच, की नवीन मशीन घ्याल तेव्हा प्रोसेसर निवडण्याआधी मला एकदा विचारा, कारण त्याच्यासमोर आठ तास मी बसते. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक घालायची इथली रीत होती. साहेबांची केबिन तिच्या टेबलापासून बारा पावलांवर, पण पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही तेव्हा तिला वाटलं, केबिन बाहेरगावीच म्हणायची. म्हणून तिने दुसऱ्यावर आपल्यापुरता जावक क्रमांक घातला, दोन. तिसऱ्यावरही घातला.

आठवड्याभरात नवी मशीनं आली. विचारलं कुणीच नाही.

मशीनं आणली साहेबांच्या भाच्याने. भाचा दोन वर्षांपूर्वी ऑफिसात आला होता. काम काय करतो ते कुणाला नीट सांगता येत नसे, पण बैठकीत सगळ्यात जास्त तोच बोले. साहेबांना ऑफिसात 'सर' म्हणायचं असं घरी ठरलं होतं म्हणे, पण आनंद झाला की त्याच्या तोंडून 'मामा'च निघायचं.

"मामा, चोवीस कोअर!" त्या दिवशी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "प्रोसेसरच्या आत काम ओढणारे चोवीस भाग! आपल्या जुन्या मशीनला दोन होते. मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये असतात ते प्रोसेसर आहेत हे. वापरलेले आहेत, पण एक नंबर. मला आतल्या गोटातून मिळाले."

"चोवीस!" साहेब म्हणाले आणि त्यांनी कॅबिनेटच्या डोक्यावर थाप मारली. आतल्या पंख्यांवर निळे-जांभळे दिवे फिरत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

"वेग काय आहे त्याचा?" रेघताईने विचारलं.

"ताई, चोवीस म्हटल्यावर वेग आलाच की!"

"तसं नाही. एकेका कोअरचा वेग किती?"

भाचा हसला. समजूत घालताना माणूस हसतो तसा. "ताई, तुम्ही रेघा मारा. हे आमच्यावर सोडा."

तिने रेघा मारल्या. म्हणजे मारायला बसली. रुग्णालयाची फाइल उघडली, घड्याळाकडे बघितलं, वहीत टिपलं. चार मिनिटं पन्नास सेकंद. अकरा वर्षांनी मिळालेलं नवं मशीन, आणि वाचले पंचवीस सेकंद. भिंत सरकवली, पडदा पांढरा. हात परत मांडीवर.

पण ती नुसती हात चोळत बसणारी बाई नव्हती. चक्र फिरत असताना तिने प्रोसेसर आत काय करतोय ते दाखवणारी खिडकी उघडली. चोवीस कोअरचे चोवीस चौकोन. त्यातला एक काठोकाठ भरलेला, धापा टाकत असलेला, आणि उरलेले तेवीस सपाट. ती पुढे वाकून बघत राहिली. मग तिने मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढला.

महिनाभराने साहेबांनी तिला सगळ्यांसमोरच हाक मारली.

"ताई, रुग्णालयाचे नकाशे मागच्या आठवड्यात जायला हवे होते."

"साहेब, मशीन..."

"मशीन नवं आहे. चोवीस कोअरचं आहे. आता पुन्हा मशीनवर खापर फोडू नका. मशीन बदललं तरी चाल तीच, मग दोष कुठे आहे?" त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. "वय होतं माणसाचं. त्यात लाज कसली? एक तारखेपासून तुम्ही रेकॉर्ड रूम सांभाळा. जुने नकाशे लावून ठेवायला जाणकार माणूस हवंच आहे. रुग्णालयाचं काम आमचा भाचा बघेल. तशी ऑर्डर काढतोय."

तिने टेबलाच्या खणातून चारही वह्या काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या. "हे बघा साहेब. अकरा वर्षं टिपलंय. रोजची पन्नास मिनिटं मी नुसती पडद्याकडे बघत बसलेली आहे. माझा हात थांबलेला नाही, मला थांबवून ठेवलंय."

साहेबांनी एक वही चाळली, भुवया उंचावल्या आणि हसले. "अहो ताई, वेळ मोजण्यातच तुमचा सगळा वेळ गेला की!"

भाचा हसला. तो हसला म्हणून शेजारची दोन टेबलं हसली. ज्यांना तिने पहिली रेघ मारायला शिकवली होती तेही खाली मान घालून हसले. मेल्यांनो, तिच्या मनात आलं, हसा.

घरी तिने वह्या जेवणाच्या टेबलावर आपटल्या. नवरा चष्मा पुसत होता. बसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं खोलून तो निवृत्त झालेला. बोलायचा कमी, चिडवायचा जास्त.

"कुणाचा मुडदा पाडून आलीस?"

"पाडायला हवा होता."

तिने सगळं सांगितलं. कप, अर्ज, चोवीस, रेकॉर्ड रूम, हसणं. मग त्याने वह्या ओढून घेतल्या, पाठच्या पानावर पेन्सिलीने गणित मांडलं, दोनदा तपासलं.

"साधारण अडीच हजार तास," तो म्हणाला. "आठ तासांचा दिवस धरला तर तीनशे वीस दिवस. सुट्ट्या वगळल्या तर एक अख्खं वर्ष आणि वर महिनाभर."

तिने वही आपल्याकडे वळवून तो आकडा वाचला.

"अकरा वर्षं मी बसस्टॉपवर तुझी वाट बघत उभा राहून घरी आलोय एकटा," तो म्हणाला. "सातची बस सोडायचो, आठची सोडायचो. मग येऊन आपलं आपण वाढून घ्यायचो. मला वाटायचं, हिचं कामच मोठं आहे. आणि तू तिकडे पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली होतीस होय?"

त्याचा आवाज चढला होता. एवढा चिडलेला तिने त्याला फार वर्षांत बघितला नव्हता.

"बस मागे राहिली की ड्रायव्हरला शिव्या देणारे खूप बघितलेत मी," तो म्हणाला. "बॉनेट उघडून बघणारा एक भेटत नाही. तू उघड."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं मशीन तू बांध. तुला हवा तो प्रोसेसर घालून. आणि नेऊन ठेव त्याच्या नाकासमोर."

"पैसे?"

"माझे दात बसवायचे होते ना? राहू दे. तसंही तुझ्यापुढे दात दाखवायची माझी हिंमत होत नाही."

एवढ्या रागातही तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. फळीवर खोक्यांची रांग, काउंटरवर सोल्डरिंगच्या धुराचा वास आणि मागे जाड भिंगाच्या चष्म्याचा दुकानदार. तिने मोबाइलमधला फोटो पुढे केला आणि भांडायच्या तयारीतच म्हणाली, "मला प्रोसेसर हवाय. आणि चोवीस कोअरचं मला सांगू नका."

दुकानदाराने फोटो बघितला. मग तिच्याकडे बघितलं. "आधी सांगा, दिवसभर त्याच्यावर करता काय तुम्ही?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तो एका परक्या माणसाने विचारावा याचाच तिला नव्याने संताप आला. मग ती बोलायला लागली. रुग्णालय, भिंती, नळ, पांढरा पडदा, सव्वापाच मिनिटं. पेनड्राइव्हवर फाइल आणली होती तीही पुढे ठेवली.

"हात्तिच्या!" दुकानदार म्हणाला. "अहो, तुमचा प्रोग्रॅम एका वेळी एकाच कोअरकडून काम करून घेतो. बरेचसे नकाशाचे प्रोग्रॅम तसेच असतात. रेघ काढल्याशिवाय पुढची रेघ कशी काढणार तो? चोवीस माणसं कामाला ठेवली आणि पेन्सिल एकच दिली, तर तेवीस जण काय करतील?"

"चहा पितील."

"आणि त्या सर्व्हरच्या प्रोसेसरमधला एकेक माणूस स्वभावानेच सावकाश. ते हजार लोकांची हजार कामं एकदम ओढायला केलेले असतात. तिथे ते भारीच. तुमच्या कामाला ते नाहीत. तुम्हाला माणसं थोडी हवीत, पण ज्याच्या हातात पेन्सिल आहे तो चपळ हवा."

त्याने दोन मशीनवर तिला तिचीच फाइल उघडून बघायला दिली. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. महागातल्या प्रोसेसरला एक मिनिट पाच, त्याच्या निम्म्या किमतीच्या सहा कोअरवाल्याला एक मिनिट दहा. "पाच सेकंदांसाठी दुप्पट कशाला देता?" दुकानदार स्वतःच म्हणाला. तिने सहा कोअरचा घेतला.

"बसवून देऊ?"

"मी बसवते. तुम्ही नुसतं सांगा."

बोर्डावर एक चौकोनी खाच होती आणि तिच्यात केसाएवढ्या बारीक पिनांचं शेत. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण, बोर्डावर तसाच दुसरा. "त्रिकोणावर त्रिकोण," दुकानदार म्हणाला. "दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. हात हलला, पिन वाकली, की बोर्ड गेला. भले भले इथे घाम पुसतात."

तिने तो चौकोन दोन बोटांत कडेने धरला, श्वास रोखला आणि ठेवला. एकदाच. जराही सरकवावा लागला नाही. खटका बसला.

"हात सुरेख आहे तुमचा," दुकानदार म्हणाला.

"म्हातारा झालाय म्हणतात," ती म्हणाली. तिने दुसरीकडे तोंड केलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी नवऱ्याने कॅबिनेट ऑफिसच्या दारापर्यंत पोचवलं. "आत येऊ?" त्याने विचारलं. ती नको म्हणाली. तिने स्वतः ते उचलून भाच्याच्या मशीनशेजारी ठेवलं. साधा काळा डबा, दिवा एकच.

"साहेब, दहा मिनिटं," तिने केबिनच्या दारातून सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आवाजात असं काही होतं की साहेब उठून आले. भाचा आला, सगळेच आले.

"दोन्हीवर हीच फाइल. घड्याळ तुमच्यासमोर आहे. हे बटन तुम्ही दाबा, हे मी दाबते."

बटनं दाबली. एक मिनिट दहा सेकंदांनी तिच्या पडद्यावर चारही मजले उभे राहिले, नळांसकट, वायरींसकट. शेजारी निळे-जांभळे दिवे फिरत होते आणि पडदा पांढरा होता. ती थांबली नाही. भिंत सरकवली. दरवाजा दुसऱ्या अंगाला फिरवला. माप घातलं. रेघा तिच्या हाताबरोबर यायला लागल्या, जुन्या फळ्यावर यायच्या तशा. तिचं बोट मागे पडत नव्हतं. मागे पडत होती ती बघणाऱ्यांची नजर. तीन दुरुस्त्या पुऱ्या झाल्या तेव्हा भाच्याच्या पडद्यावर तळमजला दिसायला लागला.

कुणी हसलं नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "वा, वा! काय आहे आत?"

"सहा कोअर," रेघताई म्हणाली.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार," भाचा पुटपुटला.

"तू गप्प बस रे." साहेब तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर खरोखरीचं कौतुक होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. "अहो ताई, एवढं माहीत होतं तर आधी बोलायचं नाही का?"

आधी बोलायचं.

"तीन अर्ज दिले, साहेब. एक, दोन आणि तीन. तिसऱ्यावर तुम्ही कप ठेवला होता."

"असेल, असेल. कागदाचं काय घेऊन बसलात?" त्यांनी हात झटकला. "बरं, आता असं करा. हे मशीन याच्या टेबलावर लावून द्या. रुग्णालयाचं काम झरझर उरकेल. तुमचे पैसे देऊन टाकू आपण."

"याच्या टेबलावर?"

"काम त्याच्याकडे दिलंय ना आता."

"पण ते काढून घेतलं ते माझा हात मंद म्हणून. तो मंद नव्हता, हे आत्ता तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"ते खरं हो." साहेबांनी आवाज खाली आणला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. "पण ऑर्डर निघाली. मी ती परत घेतली तर ऑफिसात काय दिसेल? सांभाळून घ्या जरा. तुम्ही काय परक्या आहात का?"

अठ्ठावीस वर्षांत ती या माणसाला अनेकदा सांभाळून घेत आली होती. त्यांचं चुकलेलं माप स्वतःची चूक म्हणून तिने कितीदा तरी दुरुस्त केलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

तिने मशीन बंद केलं आणि वायर काढली. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि पंख्याचे चार स्क्रू एकामागून एक सोडवले.

"अहो, हे काय करताय?" साहेब म्हणाले.

पंखा हलकेच फिरवून सोडवला, कडी वर केली. त्रिकोणाच्या कोपऱ्याशी बोट नेऊन तिने तो चौकोन उचलला. एकाही पिनेला धक्का लागला नाही. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावलेला करडा लेप तिच्या बोटांना लागला. प्रोसेसर अजून कोमट होता. तिने तो ज्या प्लास्टिकच्या डबीत आला होता तिच्यात ठेवला आणि डबी पर्समध्ये टाकली.

"डबा ठेवा," ती म्हणाली. "वर दिवे लावून घ्या हवे तर. राजीनामा उद्या येईल. जावक क्रमांक चार."

"ताई, अहो ताई..." साहेब तिच्यामागून दोन पावलं आले. तिने ज्यांना शिकवलं होतं त्यांच्यातली एक मुलगी पुढे आली. आणखी कुणी नाही. जिन्यात आल्यावर रेघताईने कठड्याला धरलं. अठ्ठावीस वर्षं. रुग्णालयाचा तिसरा मजला अर्धा राहिला होता. आता तो कुणीतरी वेडावाकडा पुरा करील, या विचाराने तिला भडभडून आलं आणि पाठोपाठ पुन्हा संताप आला. त्या संतापाच्याच जोरावर ती बाकीच्या पायऱ्या उतरली.

नवरा बसस्टॉपवर होता. गेलाच नव्हता. दुपारचे साडेबारा वाजत आले होते आणि बाकावर लख्ख ऊन होतं. त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. ती शेजारी बसली.

मग त्याने तिचा उजवा हात उचलला. बोटांच्या टोकांना करडं लागलं होतं.

"आलीस का कोळसे पाडून?" तो म्हणाला.

तिने मान डोलावली. पर्समधून रुमाल काढला, बोटांपाशी नेला आणि परत ठेवून दिला. समोरून त्यांची बस आली. साडेबाराच्या त्या बसमध्ये त्या दोघांनी आजवर कधी एकत्र पाय ठेवला नव्हता.